पाठमोरीची जागा

कोसमटोला,
ज्येष्ठ, १९५७

प्रिय गोकुळा,

फट्… फट् फट्.

ओला मासा वाळक्या पळसपानावर शेपटी आपटतो, तो हा आवाज. लहानपणी ऐकलेला. आज सकाळी जाळं सांधायला बसलो आणि तो कुठून तरी येऊन कानात बसला, अजून उठायला तयार नाही. तुला आठवतं का? आपण दोघं पाळीवरच्या मोहाखाली उकिडवे बसलेलो. खाली तलावाच्या भेगाळलेल्या काठावर पळसपानांच्या रांगा, पानापानावर माशांचा एकेक वाटा, आणि त्या रांगांकडे पाठ करून बसलेली सुकरी आजी. बाबा एका वाट्यावर काठीचं टोक टेकवायचे आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल असे ओरडायचे, "हा कोनाचा?" आजी समोरच्या जंगलाकडे तोंड करून एक नाव घ्यायची. झालं. तो वाटा त्या चुलीचा. मग त्यात मोठी मरळ निघो की नुसते झिंगे. आपलं नाव येईपर्यंत तू माझा दंड इतका घट्ट धरायचीस की नखं रुतायची.

अन्नपूर्णा, बाई, तू चांदा शहरातली लेक. हे पत्र सासूला तूच वाचून दाखवणार, म्हणून हे तुझ्यासाठी दोन शब्द. उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं की आमचं सगळं ढिवरांचं गाव एकदम जाळी टाकतं. निघतील ते मासे एका ढिगात. मग गावात जितक्या चुली तितके वाटे. वाटे कितीही सारखे करा, एखाद्यावर डोळा जातोच. म्हणून गावातली एक वडीलधारी बाई पाठ करून बसते आणि नावं घेते. तिला आम्ही पाठमोरी म्हणतो. ती कोणाचं भलं करू शकत नाही, कोणाचं वाईट करू शकत नाही, आणि तिचं बोलणं मोडत नाही. आता सासूला थोडं पाणी दे आणि पुढे वाच. लटारू खाणीतून आला असेल तर त्यालाही बसव जवळ.

गोकुळा, तुझं पत्र पोचलं. त्यात तू आधी साऱ्या गावाची विचारपूस केलीस. चंदाबाईचं गुडघ्याचं दुखणं, सुकलूचा मोडलेला पाय, माझी शेळी व्याली का, रानटोल्याच्या लालसूचं कुत्रं अजून आहे का. एकही घर सोडलं नाहीस. आणि मग शेवटच्या दोन ओळींत सुनेकडून लिहवून घेतलंस, "मले आता काही दिसत नाई. मी कोनाच्या कामाची नाई. भाकर खाऊन बसून राह्यते. आता देवानं न्यावं." ते अक्षर अन्नपूर्णेचं होतं, तरी त्या दोन ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या होत्या. लटारूनं वेगळं कळवलंय की तू एक वेळच जेवतेस. त्या दोन ओळींचं उत्तर देण्यासाठी मी दौत काढली, पण मी पडलो असा, गोष्ट सांगायला बसलो की आधी पाळीवरून एक चक्कर मारल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. तेवढी चक्कर मारू दे.

आमचं बरं चाललं आहे. आपण आता म्हणे मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. गाव जागचं हललं नाही, शेळीसुद्धा खुंट्याशीच होती, तरी गेलो. माझं पाण्यात उतरणं तीन-चार उन्हाळ्यांपासून बंद आहे. कंबर धरते. पण गावातलं फाटलेलं प्रत्येक जाळं माझ्या ओसरीवर येतं. बोटं अजून चालतात आणि बोटांबरोबर तोंडही. आरमोरीला मामाकडे राहून चार बुकं शिकलो, त्या बुकांतल्या कविता गाठीगणिक सुटत जातात. तू म्हणायचीस, "दादा, कवितेनं जाळं सांधत नाई." बाई, अगदी खरं सांगतो, सांधतं. चाल धरली की गाठी सारख्या पडतात. एवढंच मात्र मला कधी उमगलं नाही की त्या कवितांत नदीला सारे आई म्हणायचे, तलावाला कोणी काहीच का म्हणत नव्हतं. नदी वाहून जाते, नजरेला सुंदर दिसते. तलाव बिचारा जागच्या जागी थांबतो. कोणाच्या तरी बापानं, आज्यानं डोक्यावर माती वाहून त्याची पाळ बांधलेली असते आणि तो त्या पाळीला टेकून वर्षानुवर्षं गावाला पोसतो. म्हाताऱ्या माणसासारखा. गुरुजींना विचारलं असतं तर छडी खाल्ली असती.

मानमोडीचं वर्ष तुला मी काय आठवून देऊ. घरोघरी माणसं पडली होती, तापानं कण्हत होती, आणि ज्यांना उभं राहता येत होतं ते मसणातून घरी आणि घरून पुन्हा मसणात जात होते. त्याच साथीत तुझा नवरा गेला. कडेवर लटारूला घेऊन तू माहेरी आलीस. पुढच्या उन्हाळ्यात तलावावर वाटे पडले तेव्हा तू पाळीच्या पलीकडे, शिंदीच्या झाडामागे उभी होतीस. मला दिसत होतीस. माहेरी परत आलेल्या बाईला कसला वाटा, ती भावाच्या चुलीत मोडते, अशी आपली रीत. सुकरी आजी कधीच गेली होती आणि तिच्या जागी देवकाबाई बसल्या होत्या. काठी एका पानावर टेकली, "हा कोनाचा?" आणि देवकाबाई म्हणाल्या, "गोकुळाचा." कोणीतरी पुटपुटलं, ती केवळरामच्या घरात आहे ना. त्यांनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "पोराले दूध पाजते ते येगळीच चूल हाय." तू झाडामागून आलीस, पदरात तो वाटा घेतलास आणि घरी येईपर्यंत रडत होतीस. मी मागून चालत होतो. मासे होते ते किती, पसाभर. पण त्या दिवसापासून तू ओसरीवर बसून माझ्या बायकोशी भांडू लागलीस. तेव्हाच मला कळलं की तू आता जगणार.

आता इकडची नवी गोष्ट. मालगुजारी गेल्यापासून तलाव सरकारचा आणि मासेमारी सोसायटीची. सोसायटीचा मुखत्यार इस्तारी, आपल्या देवकाबाईंचा नातू. तू त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं आहेस. आता मिशा ठेवतो. माणूस वाईट नाही, बरं का. बंधाऱ्याच्या कामाला सर्वांच्या आधी तोच असतो, माल बाजारात वेळेवर पोचवतो, लबाडी करत नाही. पण यंदा चैतात त्यानं ठराव मांडला, ज्याचं जाळं पाण्यात त्याचाच वाटा. मी ओसरीवरून उठून सभेत गेलो आणि म्हटलं, अरे, मग चंदाबाईनं काय करावं, लालसूनं काय करावं? तलावाला पूजेचं पहिलं पाणी चढतं ते लालसूच्या हातानं, त्याच्या आज्यापासून. तर म्हणाला, "भाऊ, आमी का म्हाताऱ्यायले उपाशी ठेवून राह्यलो का? ज्याचे त्याचे पोट्टे देतीनच ना खाले. ज्याले पोट्टे नाई त्याले सोसायटी देईन." त्यात खोट काढायला मला काही सापडेना. देणार हे खरंच होतं. ठराव पास झाला. घरी आलो, जाळं मांडीवर घेतलं, आणि कितीतरी वेळानं सापडलं. लेक देतो ते जेवण. गाव देतो तो वाटा. जेवण पोटात जातं, वाट्याबरोबर आपलं नाव चारचौघांत घेतलं जातं. पण हे तेव्हा सुचायला हवं होतं. मला नेहमी सभा उठल्यावर सुचतं.

तलाव मारायचा, म्हणजे जाळी टाकायचा, दिवस उजाडला. आम्ही म्हातारी माणसं पाळीवर जाऊन बसलो. बोलावलं कोणी नव्हतं. जन्मभराची सवय, पाय आपोआप गेले. चंदाबाई, मी, काठी टेकत आलेला लालसू. पोरांनी जाळी ओढली आणि मासा तर असा निघाला, बाई, की पाणी तव्यावर तडतडावं तसं तडतडत होतं. मग ढीग झाला, पानं मांडली. जितकी जाळी तितकीच पानं. आणि देवकाबाईंना हात धरून त्यांच्या दगडावर आणून बसवलं, तलावाकडे पाठ करून. गंमत पाहा. साऱ्या म्हाताऱ्यांचे वाटे काढून टाकायचं पोरांच्या ध्यानात होतं, पण या म्हातारीची जागा काढून घ्यायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून फूल पडलेलं. बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पानं किती मांडली?" इस्तारीनं आकडा सांगितला. त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. धर काठी."

इस्तारीनं पहिल्या पानावर काठी टेकली. "हा कोनाचा?"

"गोकुळाचा."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एकजण हसला. इस्तारी खाली वाकून म्हणाला, "आजी, गोकुळा आत्या बल्लारपुरात लटारूभाऊपाशी राह्यते. चार वर्सं झाली." देवकाबाई म्हणाल्या, "मले मालूम हाय. तिचा पाट अजून केवळरामच्या भिंतीले उभा हाय ना? समोर चाल." खरंच सांगतो गोकुळा, मलाही वाटलं, म्हातारीला भूल पडली. दुसऱ्या पानावर काठी टेकली. "लालसूचा." तिसऱ्यावर, "चंदाबाईचा." चौथ्यावर माझं नाव आलं. मग पाय मोडून घरी बसलेल्या सुकलूचं. मग सोनारबोडी तळ्याच्या कोपऱ्यावरच्या बहिऱ्या म्हातारीचं, जिचं नाव आम्हीसुद्धा विसरलो होतो. तोवर पोरांचं हसू गेलं होतं. ज्या ज्या घरचं जाळं पाण्यात नव्हतं, ज्याला उतरता येत नव्हतं, त्याचं नाव त्या घेत होत्या. सावकाश, चुकत नव्हत्या. पानं सरली. पाण्यात उतरलेल्या एकाही पोराचं नाव आलं नव्हतं.

इस्तारी काठी धरून तसाच उभा. कंबरेपर्यंत चिखल, मिशांवर चिखल. म्हणाला, "आजी, अन् आमचा?" देवकाबाईंनी मान वळवली नाही. "तुमच्या जाळ्यायले इचारा. जाळ्याचाच वाटा म्हंता ना, मंग जाळ्यायलेच खाऊ घाला."

एका पानावरचा मासा शेपटी आपटत होता. फट्… फट् फट्. पाठमोरीचं बोलणं मोडत नाही हे त्या पोरांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. आणि मोडलं नाही तर उपाशी त्यांच्याच चुली राहणार. मग कोणाला तरी हसू फुटलं. तो हसला म्हणून दुसरा हसला. लालसूनं आपला वाटा उचलला आणि नेऊन परत ढिगात टाकला. त्याच्या मागून चंदाबाईनं. मग आम्ही सगळ्यांनी. तेव्हा पोरं आपणहून रानात पळाली, पळसाची आणखी पानं तोडून आणली, आणि जितक्या चुली तितके वाटे नव्यानं पडले. एकटा इस्तारी थांबला नाही. त्यानं काठी जमिनीवर ठेवली आणि घरी निघून गेला. ती काठी मी उचलली. जन्मात पहिल्यांदा बाबांच्या जागी उभा राहून मी ओरडलो, "हा कोनाचा?" माझा आवाज मधेच फुटला. कविता म्हणताना कधी फुटला नव्हता. आणि त्यांनी पुन्हा पहिलं नाव तुझंच घेतलं. इस्तारीचंही घेतलं. त्याचा वाटा उचलायला कोणी नव्हतं, तो पानावरच पडून राहिला. सगळे गेल्यावर देवकाबाईंनी चाचपडत तो स्वतःच्या पदरात घेतला आणि चंदाबाईचा खांदा धरून घरी गेल्या. स्वतः रांधला. नातू जेवला नाही. नंतर आजी-नातवाचं बोलणंही बंद झालं. एका छपराखाली दोघं, आणि मधे ती हंडी.

तुझा वाटा मी सुकवून ठेवला आहे. मडक्यात, वर कडुलिंबाचा पाला घालून.

एवढं मोठं पत्र लिहिलं आणि एक गोष्ट मी पानामागे पान ढकलत आणली. आता ढकलवत नाही. अन्नपूर्णा, जरा जपून वाच. गोकुळा, देवकाबाई गेल्या. मागच्या सोमवारी सकाळी, ऊन तापायच्या आधी. दुखणं असं काही नव्हतं, अंथरूण धरलं आणि आठ दिवसांत दिवा बारीक व्हावा तशा बारीक झाल्या. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. इस्तारी दाराशी उभा होता, आत येत नव्हता. मी म्हटलं, बाई, त्या दिवशी गोकुळाचं नाव दोनदा घेतलंत, भूल पडली होती का? त्या हसल्या. दात नाही एक, पण हसू पोरीचं. म्हणाल्या, "भूल तुले पडली, केवळराम. तू चार बुकं शिकलास, पन पाळीवर बसून तुनं काही आयकलं नाई. सुकरी आजीनं आपल्या शेवटच्या सालात पयलं नाव कोनाचं घेतलं होतं?" आणि एकदम मला ते सगळं दिसलं. मोहाखाली आपण दोघं, माझ्या दंडात तुझी नखं, आणि पहिल्याच पानाला सुकरी आजी म्हणाली होती, "देवकाचा." मोठाल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं होतं. पाठमोरी आपली जागा अशी सांगून जाते. ही बायकांच्यातली गोष्ट, आम्हा पुरुषांना कधी कळली नाही. मी म्हटलं, पण बाई, गोकुळाचे तर डोळे गेले. तर म्हणाल्या, "मंग? माहे कुठी होते? पाठमोरीले डोये लागत नाई. कोनाले इसरू नये, एवढंच लागते. तिले कोनाले इसरता येते का, सांग."

म्हणून हे पत्र, गोकुळा. तू विचारलंस, आता मी कोणाच्या कामाची. काम मी तुला सांगत नाही. काम पाहून वाटा द्यायचं तर त्या ठरावातही होतं. तुझं नाव गावानं घेतलं आहे, सर्वांच्या आधी, दोनदा, भर तलावावर, आणि पाठमोरीचं बोलणं मोडत नाही. तुझ्या पत्रात लालसूच्या कुत्र्याचीसुद्धा आठवण होती; डोळे नाहीत म्हणून रडणाऱ्या बाईला सारं गाव दिसत होतं. मिरग लागायच्या आधी लालसू तलावाला पहिलं पाणी घालेल, तेव्हा पाळीवर पाठमोरी हवी. त्यानंतर वैनगंगा चढली की डोंगा बंद, मग दिवाळीपर्यंत वाट नाही. अन्नपूर्णा, तुझ्या हातच्या सुखाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तू सासूला पोटच्या लेकीसारखी सांभाळतेस. पण तिला चार घास पोटभर खायला लावायचे असतील तर इकडे धाडून पाहा. पाट भिंतीला उभाच आहे. राहायचं की परत जायचं ते तिचं ती ठरवील. फक्त आणायचं कोणी, तेवढाच घोर आहे. माझी कंबर गाडीचे धक्के सोसत नाही, लटारूला खाणीतून रजा मिळत नाही, आणि गावात कोणाला सांगावं…

थांब, दाराशी कोणी आलं आहे.

गोकुळा, इस्तारी आला आहे. आजीला खांदा दिला त्या दिवसापासून तो कोणाच्या घरी गेला नव्हता, कोणाशी बोलला नव्हता. मला वाटलं जाळ्याचं काही काम असेल. धुतलेला सदरा घातला आहे, मिशा काढून टाकल्या आहेत, आणि बाहेर बैलगाडी जुपलेली. आत आला नाही. म्हणाला, "भाऊ, आत्याले पत्र लिहून राह्यले का? टपालात नोका टाकू. मी घाटापर्यंत गाडीनं जातो, तिथून मोटर भेटते. पत्र मीच नेतो अन् आत्यालेच घेऊन येतो." मी म्हटलं, आत ये, पाणी पी. तर म्हणाला, "तुमचं लिहिनं होऊ द्या." आणि उंबऱ्यावर बसला, माझ्याकडे पाठ करून, तोंड रस्त्याकडे. आजीसारखाच ताठ बसला आहे. खांदे मात्र हलताहेत, आणि ते मला दिसू नयेत म्हणून तो असा बसला आहे हे मला कळतं. माझ्या ओठांवर बाबांचा तो सवाल आला होता, हा कोनाचा? विचारला नाही. ते तू येऊन सांग.

तुझाच,
केवळरामदादा